कुणासाठी ठिवलंस

माझ्या सासरच्या घरात कुठल्याही भांड्यावरचं झाकण निघालं की अक्का तिथं हजर असायच्या. भांड्यात काय आहे हे त्या विचारत नसत, कधीचं आहे हेही नाही. त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला होता. "कुणासाठी ठिवलंस?"

लग्न होऊन देवणीजवळच्या त्या गावात मी गेले तेव्हा या प्रश्नाचं काय करायचं तेच मला कळेना. मी नांदेडची. वडील कचेरीत कारकून, बिऱ्हाड भाड्याचं, माणसं मोजकी. आमच्याकडं रात्रीचं उरलेलं सकाळी फोडणी देऊन खाल्लं की विषय संपला. इथं सकाळी वरणाच्या पातेल्यापुढं अक्का मांडी घालून बसलेल्या आणि मी नवी सून पदर सावरत उत्तर शोधतेय. म्हटलं, "कुणासाठी म्हणजे, असंच. उरलं होतं." त्यावर त्या म्हणाल्या, "असंच काही ऱ्हात न्हाई बाई. ठिवणाऱ्याच्या मनात कोण तरी असतंय."

अक्का ही माझ्या सासऱ्यांची थोरली बहीण. नाव सुंदराबाई, आणि त्या नावाशी त्यांचं काही देणंघेणं नव्हतं. काळ्या, उंच, हाडापेरानं दणकट, वरचे दात थोडे पुढं. तरुणपणीच कुंकू पुसलं गेलं, अहमदपूरकडचं सासर सुटलं आणि त्या माहेरी आल्या त्या कायमच्या. कर्नाटकाची हद्द आम्हाला जवळ, त्यामुळं थोरल्या बहिणीला अक्का म्हणायची रीत; सासरे म्हणायचे म्हणून अख्खा गाव म्हणायचा. सासऱ्यांना मी मामंजी म्हणत असे. शेत, घर, देवणी जातीची जनावरं मामंजींच्या नावावर होती, पण चुलीपासून कोठीपर्यंत राज्य अक्कांचं. माझ्या सासूबाई त्या राज्यातली जुनी रयत होत्या.

अन्न पारखायला बसल्या की त्यांना घाई नसे. भाकरी असली तर ती मोडायच्या आणि दोन्ही तुकडे हळूहळू एकमेकांपासून लांब न्यायच्या. मधे बारीक तार दिसली की ती भाकरी गेली. वरण पळीनं ढवळून थांबायच्या आणि बुडबुडे आपोआप वर येतात का ते बघत राहायच्या. पातेल्याच्या बुडाला उलटा हात लावायच्या, कारण नासायला लागलेलं अन्न आतून कोमट होतं असं त्यांचं म्हणणं. पीठ चिमूटभर जिभेच्या शेंड्यावर ठेवून थुंकायच्या. करडईचं तेल तळहातावर चोळून बघायच्या. नाक सगळ्यात शेवटी. "नाकावर जाऊ नको," म्हणायच्या, "भूक लागली की त्येला समदंच ग्वाड वाटतंय."

निकाल त्या तोंडानं सांगत नसत. खाण्याजोगं असलं तर झाकण परत ठेवायच्या. नसलं तर भांडं उचलून स्वतः उकिरड्यावर न्यायच्या आणि पालथं घालायच्या. ते मग दारच्या कुत्र्यालाही मिळायचं नाही. भांड्यातलं शेवटचं शीत पडेपर्यंत तिथून हलत नसत.

बाकीच्या घरांत अन्नाचा निकाल खाणारा बघून लागे. तेच वरण मुलांना नको, पण गड्याला चालतंय. गड्यालाही नको असलं तर वस्तीवरची कुणी मागायला येईल तिच्या पदरात. अन्न तेच, खाणारा जितका खालचा, तितकं ते चांगलं ठरत जाई. नांदेडला आमच्या घरीही हेच होतं, फक्त कुणी मोठ्यानं बोलत नसे. अक्कांच्या घरात एकच निकाल होता आणि तो सगळ्यांना सारखा लागू होता. एकदा सासूबाई सवयीनं म्हणाल्या, "चालतंय की अजून." अक्का फणकारल्या, "कुणाला चालतंय त्ये आधी सांग. तू खातीस का? तुझ्या लेकाला घालतीस का? मग चालतंय म्हणू नको."

यावरून अक्का म्हणजे दयेचा सागर असं कुणी समजेल तर ते चूक ठरेल. काही उरूच नये म्हणून त्या स्वयंपाक इतका तोलून करायला लावायच्या की शेवटी जेवणाऱ्या आम्हा बायकांच्या वाट्याला पातेलं खरवडणं येई. सासूबाई मला हळूच म्हणायच्या, "नणंदेच्या राज्यात शिळं मिळत न्हाई, कारण ताजंच पोटभर मिळत न्हाई." जिभेनं अक्का कडू होत्या. विटाळ पाळण्यात तर कुणाला हार जायच्या नाहीत. आमचा सालगडी लिंबाजी गावाबाहेरच्या वस्तीतला. वर्षभर आमच्या शेतात राबायचा, मजुरी धान्यात घ्यायचा, पण त्याची भाकरी अक्का वरूनच त्याच्या फडक्यात टाकायच्या. ताजी टाकायच्या, एवढंच. पहिलं वर्षभर मला त्या मुळीच आवडल्या नाहीत आणि हे मी मनातल्या मनात रोज म्हणत असे.

निजामाच्या राज्याची ती शेवटची शेवटची वर्षं. लेव्हीचा हुकूम होता. पिकलेल्या धान्यातला वाटा सरकारात घालावा लागे आणि तो किती हे येणाऱ्या अंमलदाराच्या मर्जीवर असे. मी गेले त्या वर्षी असाच एक अंमलदार, तालुक्याचा गिरदावर, ऐन दुपारी आला, ओसरीवर बसला आणि म्हणाला, आधी जेवण, मग काम. घरात आदल्या दिवशीचं वरण होतं. उन्हाळा नव्हता, पण पळी घातली की वर फेस येत होता. मामंजी आत येऊन दबक्या आवाजात म्हणाले, "त्येच वाढा."

अक्कांनी विचारलं, "कुणासाठी?"

"त्या मेल्यासाठी. खाऊ दे आन मरू दे."

अक्का उठल्या, पातेलं उकिरड्यावर पालथं केलं आणि विझलेली चूल पुन्हा पेटवायला लावली. शिव्या त्या गिरदावरालाच चालल्या होत्या, पण डाळ ताजी शिजली आणि भाकरी गरम गेली. साहेब पोटभर जेवले, सुपारी चघळत कोठीत शिरले आणि एक कोपरा सोडला नाही. गाड्या भरून गेल्यावर मामंजी म्हणाले, "घाल अजून ताजं." अक्का रिकाम्या कोठीकडं बघत होत्या. म्हणाल्या, "चोर हाय त्यो. पर पाटावर बसला तवा जेवणारा होता."

त्या वर्षी आम्ही कसेबसे निभावलो. म्हणून पुढच्या खेपेला ज्वारी लपवायची असं ठरलं, आणि कुठं लपवायची हे अक्कांनीच ठरवलं. आमच्याकडं धान्य पेवात ठेवतात. जमिनीत खोल खड्डा, आतून कडबा आणि कडुलिंबाचा पाला, वर फरशी, फरशीवर माती आणि शेण. पण पेवांच्या जागा सगळ्या गावाला ठाऊक असतात आणि गिरदावराची माणसं काठ्या ठोकत फिरतात. अक्का म्हणाल्या, "गोठ्यात खणा. जनावरांच्या पायाखाली कोण बघतंय?" मामंजींना ती युक्ती इतकी पटली की दोन दिवस ते बहिणीकडं कौतुकानं बघत होते.

धान्य भरायला दिवसही अक्कांनीच निवडला. मार्गशीर्षाच्या अमावास्येला आमच्याकडं येळवस असते. अख्खा गाव शेतात जेवायला जातो, गावात माणूस म्हणून राहत नाही. पालेभाज्या-शेंगांची भज्जी, बाजरीचे उंडे आणि ज्वारीच्या पिठाचं ताकात आंबवलेलं आंबील घेऊन माणसं सकाळीच निघतात. आदल्या दिवशी आंबील भिजवायचं काम माझ्याकडं आलं. मडकं लहान पडलं म्हणून मी उरलेलं एका पितळी घागरीत ओतलं. सकाळी अक्कांनी झाकण काढलं. या वेळी प्रश्न विचारला नाही. घागर उजेडात नेली, आतून नख फिरवलं, आणि फाडकन माझ्या थोबाडीत मारली. घागरीची कल्हई गेलेली होती आणि आंबील कळकलं होतं. वर हिरवट कड धरली होती, ती मला अंधारात दिसली नव्हती. त्यांनी घागर पालथी घातली आणि ती जागा राखेनं झाकली. सासूबाई मधे पडल्या नाहीत. माझ्या डोळ्यांत पाणी होतं ते दुखण्याचं कमी आणि रागाचं जास्त.

गाव रिकामा झाला. मामंजी, माझे यजमान आणि लिंबाजी गोठ्यात पेव भरू लागले. अक्का आणि मी दाराशी पहाऱ्याला बसलो. मग रस्त्याकडं बघतच म्हणाल्या, "लागलं का गं?"

मी गाल पदरानं झाकला.

"माज्या सासरी असंच कळकलं होतं. येळवशीचंच. सासूनं चाखलं आन थुकली. म्हणली, आपल्याला नगं, गड्याच्या बायकूला दे, लेकराबाळाची हाय. म्या दिलं. मला तर लई बरं वाटलं. गाडगं काठोकाठ भरून दिलं. तिची लेक गेली. नुकती चालाया लागली होती. उलट्या, हागवण, आन गेली. सासू म्हणली, त्येंच्यात जातातच लेकरं. कुणी काही इचारलं न्हाई. तिच्या मायबापानं बी न्हाई."

मी विचारलं, "त्या बाईला कळलं नाही?"

"तिसऱ्या दिशी अंगण सारवाया आली. म्हणली, वैनी, लेकरू पोटभर खाऊन गेलं, तुमचे उपकार हायत." अक्कांनी पदरानं तोंड पुसलं. "म्या काही बोलले न्हाई."

मला वाटत होतं त्या रडतील. त्या रडल्या नाहीत. आत गोठ्यातून लिंबाजीचा आवाज आला तशा उठल्या आणि आत गेल्या. मागोमाग मीही गेले. लिंबाजी कपाळावरचा घाम निपटत मामंजींना विचारत होता की त्याची सालाची ज्वारी तो कुठं ठेवील. झोपडीत उंदीर आहेत आणि धाडी पडतात. मामंजी काही म्हणायच्या आत अक्का म्हणाल्या, "ह्येच्यातच टाक. माज्या नदरंखाली ऱ्हाईल." लिंबाजीनं मान तुकवली. संध्याकाळपर्यंत त्यानं त्याचं सगळं धान्य पाठीवरून आणून आमच्या पेवात ओतलं. फरशी बसली, माती लिंपली, वर शेण सारवलं आणि जनावरं पुन्हा दावणीला बांधली. येळवस करून माणसं परतली तेव्हा आमच्या गाई तिथं उभ्या राहून कडबा खात होत्या.

गिरदावर आला, कोठीतलं उघडं धान्य घेऊन गेला, गोठ्याकडं त्यानं नाक दाबून पाठ केली. अक्का त्या दिवशी पहिल्यांदा हसलेल्या मी पाहिल्या.

पुढचं वर्ष वाईट आलं. धाडींनी रस्ते धोक्याचे झाले, उदगीरची वाट जिवावरची झाली, अहमदपूरच्या बाजारात दाणा दिसेनासा झाला. आषाढात कोठीचा तळ लागला. आम्ही एक वेळ जेवू लागलो, मग ज्वारीच्या कण्या पातळ करून पिऊ लागलो. वस्तीवर पाला शिजत होता. लिंबाजीची बायको चतुरा गोठा झाडायला यायची, तिच्या कडेवर काशी असायची. काशी थोरल्या भावंडांपाठची शेंडेफळ, लाळ गाळत अक्कांच्या हातातल्या चांदीच्या कड्याकडं बघणारी. अक्का तिला हात लावत नसत, पण तिच्याशी लांबून बोलत. "खा गं, चांगली खा, मोठी कधी व्हणार तू?" असं काही तरी. सगळ्यांच्या मनात एकच होतं, की पेव आहे; गिरदावराची माणसं गावातून फिरायची थांबली की ते उघडायचं होतं. भूक लागली की सासूबाई गोठ्याकडं बघायच्या आणि त्यांना धीर यायचा.

श्रावणाच्या सुरुवातीला पेव उघडलं. जनावरं बाहेर काढली, माती खरवडली, फरशी उचलली. आतून गरम वाफ आली आणि तिचा वास दारूसारखा होता. कंदील दोरीनं खाली सोडला तो अर्ध्यावर विझला. पेवात कोंडलेली हवा माणूस मारते, म्हणून दिवसभर तोंड उघडं ठेवलं. दुसऱ्या दिवशी कंदील तग धरून राहिला तेव्हा कमरेला दोर बांधून लिंबाजी उतरला. पेवात उतरण्याचं काम त्याच्याच वस्तीतल्या माणसांचं असे. आणि कडेची सडकी ज्वारी उतरणाऱ्याची, अशी जुनी रीत होती.

पहिली पाटी वर आली ती काळी होती, दाणे एकमेकांना चिकटून गोळे झालेले, वर पांढरी बुरशी. दुसरीही तशीच. मग मामंजींनी पेवाच्या तोंडाची कड हातानं चाचपली आणि त्यांच्या लक्षात आलं. इतके महिने जनावरांचं मूत आणि पावसाळ्यातलं पाणी फरशीच्या फटीतून झिरपत आत गेलं होतं. त्यांनी अक्कांकडं पाहिलं नाही. अक्काही कुणाकडं पाहत नव्हत्या. त्या खाली बसल्या आणि पाटीतली ज्वारी बोटांनी वेगळी करू लागल्या.

संध्याकाळपर्यंत अंगणात तीन ढीग झाले. एक काळा. एक चांगला, पिवळा, फार लहान. आणि सगळ्यात मोठा तांबडा. तांबडी ज्वारी मोकळी होती, बुरशी दिसत नव्हती, पण रंग बदललेला आणि वास आंबूस. मामंजी म्हणाले, "काळी लिंबाजी नेईल रीतीपरमानं. पिवळी आन तांबडी आपुन खाऊ."

अक्का उठल्या. काळा ढीग त्यांनी स्वतः पाट्या भरून उकिरड्यात लोटला आणि वर शेणकाला ओतला. पिवळी ज्वारी त्यांनी पेवात ज्याची जितकी होती त्या मानानं वाटली, लिंबाजीचा वाटा लिंबाजीला. मामंजी लाल झाले, सासूबाई आत जाऊन रडल्या. राहिला तांबडा ढीग. तो अक्कांनी कुणाला हात लावू दिला नाही. त्यातली ओंजळभर धुऊन, वाळवून, दळून त्यांनी एकच भाकरी केली आणि आमच्यासमोर बसून खाल्ली. आम्ही बघत होतो. खरं सांगायचं तर आम्हाला ती भाकरी हवी होती. भाजताना तिचा वास चांगला येत होता.

दुसऱ्या दिवशी अक्कांना गरगरलं आणि दुपारी उलट्या झाल्या. ते तांबड्या भाकरीनं झालं की इतके दिवस स्वतःचा घास दुसऱ्यांना देऊन उपाशी राहिलेल्या पोटात एकदम भाकरी पडल्यानं, ते मला तेव्हाही कळलं नाही आणि आजही सांगता येत नाही. मामंजी म्हणाले, "तुझ्या उपाशी पोटानं झालं त्ये. धुऊन, भाजून खाल्ली तर काही व्हत न्हाई. मी खातो." अक्का भिंतीला धरून बाहेर आल्या.

लिंबाजी अंगणाच्या कडेला उभा होता. म्हणाला, "अक्का, पिवळी चार घासाला बी पुरत न्हाई. तांबडी द्या. तीन-चार पाण्यानं धुतो. घरात पाला खाऊन ऱ्हायलीत लेकरं."

"न्हाई लिंबा."

"तुमी खाल्ली की. जित्या हाव."

"मी म्हातारी हाय. तुजी काशी केवढीशी हाय?"

"काशीसाठीच मागतोय, अक्का."

अक्कांनी मान हलवली. मग म्हणाल्या, "म्या एकदा दिलंय. आता न्हाई देत." लिंबाजीला त्याचा अर्थ कळला नाही, कळण्यासारखं त्याला काही ठाऊकच नव्हतं. अक्कांनी आपल्या वाट्याची पिवळी ज्वारी आणून त्याच्या फडक्यात ओतली, वरूनच. मग तांबड्या ढिगावर शेणाच्या पाट्या टाकल्या, पायांनी कालवलं, पुन्हा टाकल्या, कुणाला वेचताही येऊ नये असा. मामंजी ओसरीवरून बघत होते. त्यानंतर कित्येक दिवस ते अक्कांशी बोलले नाहीत.

अक्का मग काय खात होत्या ते मला नीट माहीत नाही. चुलीजवळ बसायच्या, आम्हाला वाढायच्या, भांडी घासायच्या. मी माझ्यातलं द्यायला गेले तर हात झटकायच्या. त्यांच्या हातातलं कडं कोपरापर्यंत सरकायला लागलं होतं.

भाद्रपदात काशी गेली. ताप म्हणा, हागवण म्हणा, भूक म्हणा. तिचं शरीर इतकं हलकं झालं होतं की लिंबाजीनं तिला एका हातावर नेली असं लोक म्हणाले.

काही दिवसांनी चतुरा गोठा झाडायला आली. कडेवर कुणी नव्हतं. अक्का दारात बसल्या होत्या. चतुरानं झाडून झालं, खराटा भिंतीला टेकवला आणि ती अंगणाच्या कडेला येऊन उभी राहिली. तिचा आवाज चढलेला नव्हता.

"वरच्या आळीतल्यांचं बी पेव असंच निघालं होतं, अक्का. त्येंनी तांबडी खाल्ली. धुऊन. लेकरांनी बी खाल्ली. जिती हायत सगळी."

चतुरा थोडा वेळ थांबली, जणू उत्तर घेऊन जायलाच ती आली होती. मग निघून गेली.

त्यानंतर अक्कांनी झाकण उचलणं सोडलं. आश्विनात थोडी मूग-उडदाची पिकं आली, मग ज्वारी आली, घरात पुन्हा अन्न शिजू लागलं आणि उरू लागलं. सासूबाई पातेलं पुढं करायच्या, "बगा की अक्का." अक्का तोंड फिरवायच्या. "तुमचं तुमी बगा." सासूबाई बघू लागल्या, आणि घर पुन्हा इतर घरांसारखं झालं. मुलांना नको ते गड्याला, गड्याला नको ते वस्तीवर. कधी मी म्हणायचे, कुणासाठी ठेवलंय हे? पण माझ्या आवाजात अक्कांचा दरारा नव्हता, आणि त्यांनीच मान खाली घातल्यावर माझं कोण ऐकणार होतं.

मला अक्कांचा राग आला होता तो इथं गेला, आणि त्याच्या जागी जे आलं त्याला मला आजही नाव देता येत नाही. एकदा त्यांनी दिलं आणि लेकरू गेलं. एकदा त्यांनी दिलं नाही आणि लेकरू गेलं. त्या चुकल्या की बरोबर होत्या, याचा निकाल लावायला जी एकच बाई त्या गावात होती, ती पातेल्याकडं पाठ करून बसली होती.

पुढं लवकरच यजमानांना नांदेडला नोकरी लागली आणि आम्ही गाव सोडला. अक्का गेल्या त्याची खबर मला नांदेडला पत्रानं आली. त्यामुळं मी त्यांना शेवटचं नीट पाहिलं ते त्याच सालच्या येळवशीला.

सगळे शेतात गेले होते. अक्का येते म्हणाल्या आणि आल्या नाहीत. जेवणं मांडायची वेळ झाली तशी सासूबाईंनी मला त्यांना बघायला गावात पाठवलं. घरात त्या नव्हत्या, गोठ्यात नव्हत्या. वस्तीवरून जाणाऱ्या वाटेनं मी परत निघाले, आणि लिंबाजीच्या झोपडीपुढं मला त्या दिसल्या. जिच्या अंगणात आमच्या घरातली बाई कधी पाय ठेवत नसे तिच्या उंबऱ्याला टेकून त्या जमिनीवर बसल्या होत्या. चतुरा समोर उकिडवी बसली होती. ती त्या वर्षी येळवशीला शेतात आली नव्हती.

मी बाभळीमागं थांबले. पुढं जायचं धाडस झालं नाही.

चतुरा आत गेली आणि गाडग्याखाली झाकलेली एक लहानशी भाकरी घेऊन बाहेर आली. "शिळी हाय, अक्का," ती म्हणाली. "परवाची."

अक्कांनी हात पुढं केला. भाकरी वरून पडली नाही. चतुरानं ती त्यांच्या हातात ठेवली आणि दोघींची बोटं एकमेकींना लागली. अक्कांनी तिच्याकडं पाहिलं, आणि कित्येक महिन्यांनी मी तो प्रश्न पुन्हा ऐकला, अगदी हळू.

"कुणासाठी ठिवली होतीस?"

"काशीसाठी," चतुरा म्हणाली. "एक बारकी थापायची सवय पडली हाय. थापते आन झाकून ठिवते."

अक्कांनी ती भाकरी मोडून तार बघितली नाही. नाकाला लावली नाही. दोन्ही हातांत धरून त्या ती कोरडीच खाऊ लागल्या, आणि संपेपर्यंत चतुरा समोर बसून बघत होती.